लागेल कधीतरी

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. घराच्या पुढं तुळस असते आणि मागं लोखंड. तुळशीला रोज पाणी मिळतं. लोखंडाला पावसाचं मिळतं, तेही आमच्याकडं पाऊस झाला तर. या मागच्या लोखंडाला पाहुण्यानं भंगार म्हटलं की घरातला कर्ता पुरुष मनातून दुखावतो. त्याच्या हिशेबी तो साठा असतो. मोडक्या कुळवाची फास, मोटेच्या काळातलं चाक, ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील, जळालेल्या मोटरीचं रिकामं खोकं, झिजलेले फाळ, एका सायकलची चेन, दुसरीचं मडगार्ड, बोअरमधून उपसलेले गंजके पाइप, आणि एक असा भाग की जो कशाचा आहे हे तीन पिढ्यांत कुणालाही सांगता आलेलं नाही. बाकी सगळं एकवेळ विकतील, हा भाग विकणार नाहीत. ज्या वस्तूचा उपयोग माहीत आहे तिची गरज किती पडेल याचा अंदाज असतो. जिचा उपयोगच माहीत नाही तिची गरज कधी आणि केवढी पडेल, कुणी सांगावं?

या साठ्याचा सगळा कारभार "असू दे, लागेल कधीतरी" एवढ्या वाक्यावर चालतो. हे वाक्य आजोबा म्हणतात, वडील म्हणतात, आणि पुण्यात संगणकावर नोकरी करणारा मुलगा दिवाळीला आला की तोही जुना मोबाइल चार्जर कपाटात टाकताना हेच म्हणतो. घरातल्या बायकांचं मत वेगळं असतं. ढिगाखाली विंचू असतो हे त्यांना अनुभवानं माहीत असतं. म्हणून कर्ता पुरुष बाजाराला गेल्याचं बघून त्या भोंगा लावून फिरणाऱ्या भंगारवाल्याला हळूच आत घेतात. आमच्या लहानपणी या साठ्याला दुसरी गळती होती. गारीगारवाला रोख पैशाऐवजी नटबोल्टही चालवून घ्यायचा. दोन्ही वाटांनी गेलेल्या मालाचा नियम मात्र एकच. दिलेली वस्तू दिल्यापासून आठवड्याच्या आत लागते, आणि लागली की तिच्यावाचून सगळं शेत अडून बसतं.

अशा घरात आमचे तात्या निवृत्त होऊन परतले. सगळी हयात त्यांनी सोलापुरात एका कचेरीच्या आवक-जावक टेबलावर काढली. नोकरीत धातूशी त्यांचा सर्वांत जवळचा संबंध आला तो टाचणीचा. मोहोळ तालुक्यातल्या गावी राहायला गेल्यावर सकाळी करण्यासारखं काही उरलं नाही आणि मोबाइल मात्र हातात होता. त्यावर त्यांनी बर्फाळ मुलखातला एक दाढीवाला गोरा पाहिला. तो जंगलात एकटा राहतो, गाडीची जुनी स्प्रिंग तापवतो, ठोकतो, सुरी करतो आणि त्याच सुरीनं सफरचंद कापून खातो. शेजारी नाही, भावकी नाही, एक कुत्रं तेवढं आहे आणि तेही भुंकत नाही. तात्यांनी हा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि चहाच्या वेळी जाहीर केलं, "आजपासून कुणावाचून अडायचं नाही. लागेल ते घरी करायचं."

काकू म्हणाल्या, "आत्तापर्यंत कोण अडलं होतं?"

उत्तर आलं नाही, कारण तात्या ब्रेक ड्रम आणायला निघाले होते. ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी उत्तम होते. जाड बिडाचं गोल भांडं, मधे भोक आयतं, खालून वारा घालायचा. तात्या हायवेवरच्या गॅरेजात गेले. गॅरेजवाल्यानं पैसे घेतले नाहीत. "तुमच्याकडून काय घ्यायचं?" म्हणून चहा पाजला आणि चहा संपता संपता पोराचा उत्पन्नाचा दाखला अडलाय हे सांगितलं. तात्यांना कचेऱ्यांच्या सगळ्या खिडक्या आणि खिडकीमागचे सगळे स्वभाव पाठ. दाखला निघाला. तात्यांनी घरी येऊन एक कोरी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि पहिली नोंद केली. आवक: ब्रेक ड्रम, एक. जावक: उत्पन्नाचा दाखला, एक.

स्वावलंबनाची ही वही मी पाहिली आहे. तिच्याइतका प्रामाणिक दस्तऐवज मी दुसरा पाहिलेला नाही. वारा घालायला सुनेचा केस वाळवायचा पंखा. जावक, नवीन पंखा. कोळसा इस्त्रीवाल्याकडून, जावक, त्याच्या आईचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज. सांडशी आणि छिन्नी शेजारच्या गावच्या सुताराकडून. जावक, सातबाऱ्यावर राहिलेलं नाव. कुणावाचून अडायचं नाही असं ठरवल्यापासून तात्यांचं जितक्या लोकांवाचून अडलं, तितक्या लोकांशी त्यांचा नोकरीतही संबंध आला नव्हता.

खरी अडचण ऐरणीची झाली. व्हिडिओतल्या सगळ्या हौशी लोहारांकडं रेल्वेच्या रुळाचा तुकडा असतो. तात्या म्हणाले, आपल्याकडं रुळाला काय तोटा? तर तसं खरंच होतं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी धावायला लागली. अडीच फुटांची अरुंद लाइन. पुढं ती एका बाजूला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत गेली. कुर्डुवाडीला तिचा कारखाना उभा राहिला आणि फिटर, टर्नर हे हुद्दे त्या भागातल्या घराघरांत पोचले. आमच्याकडं लग्नाच्या बोलणीत 'मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपात आहे' याला एके काळी दहा एकर बागायतीचं वजन होतं. गेल्या काही दशकांत टप्प्याटप्प्यानं सगळी लाइन रुंद झाली आणि जुने बारीक रूळ निघाले. पण तात्या पडले आवक-जावकवाले. रेल्वेच्या मालमत्तेबद्दल १९६६ चा कायदा आहे. संशयित माल तुमच्या ताब्यात सापडला, तर तो रीतसर आला हे तुम्हीच दाखवायचं. पावतीशिवाय लोखंड घरात येणार नाही, असं त्यांनी ठरवलं.

गावात कुणाला शंका न येता टांगलेला एकच रूळ होता, शाळेच्या व्हरांड्यात. पिढ्यान्पिढ्या त्याच्यावर टोले देऊन मधली सुट्टी झालेली. तात्या दोनदा तिथं जाऊन तो वाजवून आले. आवाज बघत होतो, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापक शाळा सुटल्यावर घंटा उतरवून कपाटात कुलपात ठेवू लागले.

शेवटी जेसीबी चालवणाऱ्या एका पोरानं बकेटचा तुटलेला जाड कोपरा दिला आणि ऐरणीचा प्रश्न सुटला. जावक: लग्नासाठी बायोडाटा, टाइप करून, 'स्वभाव शांत' या शब्दांसह.

तात्यांचं दैवत लक्ष्मणराव किर्लोस्कर. भट्टी पेटेना झाली की ते भट्टीकडं पाठ करून किर्लोस्करांची गोष्ट सांगायला बसतात. गोष्ट आहेही तशी. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या या माणसानं १९०३ साली लोखंडी नांगर केला. शेतकऱ्यांनी बघून मान हलवली. लोखंडानं जमिनीला विष चढतं, म्हणाले. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. बेळगावातली जागा गेली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलरोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंग आणि नाग यांची वस्ती होती. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तर शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. तात्या इथं आवाज चढवतात. "एकट्यानं केलं सगळं! एकट्यानं!"

"जमीन राजानं दिली, तोफा महाराजांनी दिल्या," काकू आतून म्हणतात. "आणि त्या सगळ्या कामगारांना जेवायला कोण घालत होतं, ते पण सांगा."

राधाबाई किर्लोस्कर वाडीतल्या माणसांना रांधून घालत, हे काकूंना ठाऊक आहे. तात्यांच्या गोष्टीत तो भाग घाईत उरकला जातो.

तरुण मंडळींचं दैवत निराळं. त्यांना देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार जवळचे वाटतात. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या या लोहारानं भंगारातून चारचाकी गाडी केली आणि मोटारसायकलला मारतात तशी किक मारून ती सुरू होते. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला आणि पुढं ती गाडी घेऊन बदल्यात नवी बोलेरो दिली. त्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातला भंगाराचा मागचा ढीग लोकांनी नव्या नजरेनं पाहिला. कुणी फ्लायव्हील हलवून बघितलं, कुणी तो अनोळखी भाग पुसून ठेवला. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, निलंग्यात, बुलेट मोटारसायकलच्या इंजिनावर छोटा ट्रॅक्टर केलेला आहे. आमच्याकडं सायकलच्या पुढच्या चाकाला फास लावून केलेलं कोळपं तर आता इतकं जुनं झालंय, की ते कुणाच्या डोक्यातून निघालं हे विचारायचंही कुणाला सुचत नाही.

तात्यांचं पहिलं काम मात्र विळा होतं. घराच्या बांधकामातून उरलेली सळई ढिगात होतीच. ती लाल केली, ठोकली, वाकवली आणि पाण्यात बुडवली. चर्रर्र आवाज झाला. तात्यांना तो आवाज इतका आवडला, की त्यांनी ती सळई पुन्हा तापवून पुन्हा बुडवली. विळा दिसायला विळा झाला. काकूंनी कडब्याच्या पेंढीला लावला तर पेंढी तशीच राहिली आणि विळा सरळ झाला. दोष पाण्याचा असेल असं ठरवून तात्यांनी बोअरचं पाणी बदलून विहिरीचं वापरलं, मग मीठ घातलं. व्हिडिओत चुंबकाची युक्ती होती. साधारण ७७० अंशांच्या पुढं लोखंड चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे ते पाणी द्यायला जवळ आलं असं समजावं. म्हणून जुन्या स्पीकरचा चुंबक काढला. तो चुंबक शास्त्र सिद्ध करता करता भट्टीत पडला.

तेवढ्यात गावात घिसाडी आले. सुगीच्या आधी येतात तसे. वडाखाली गाडी सोडली, पाल ठोकलं, जमिनीत खड्डा करून भट्टी, शेजारी ऐरण. नातू हातानं पंखा फिरवतोय, सून दोन्ही पायांवर तोल घेऊन घण घालतेय आणि म्हातारी सांडशीत लोखंड धरून त्याला फिरवतेय. घण कुठं पडायचा ते म्हातारीची सांडशी सांगते, तोंडानं एक शब्द नाही. फाळ शेवटायला, कुऱ्हाडीला धार चढवायला, खुरप्याला मूठ बसवायला निम्मा गाव वडाखाली जमला. तात्याही आपला विळा पंच्यात गुंडाळून गेले आणि रांगेत उभे राहिले. डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरकडं जाताना जसा चेहरा करावा तसा त्यांचा चेहरा होता.

म्हातारीनं विळा हातात घेतला, दगडावर हलकेच टाकला, आवाज ऐकला आणि परत दिला.

"मालक, ह्यात जीवच न्हाई. पाणी कुणाला पाजताय?"

तात्यांनी सांगितलं, सळई नामांकित कंपनीची आहे.

"घराला चांगली हाय. इळ्याला न्हाई."

म्हातारीचं शास्त्र बरोबर होतं. लोखंड कडक होतं ते त्यातल्या कार्बनमुळं. बांधकामाच्या सळईत तो पाव टक्क्याच्या आसपास, कारण भूकंपात तिनं मोडू नये, वाकावं. ट्रकच्या कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या वर, म्हणून घिसाडी जिथं जातील तिथं गॅरेजमागचे तुटके पाटे शोधतात. कमी कार्बनच्या लोखंडाला चंद्रभागेत बुडवलं तरी त्याला धार यायची नाही. म्हातारीला टक्के माहीत नाहीत, आवाज माहीत आहे. आणि ती वडाखाली बसते ते सावलीसाठी बसते असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. भर उन्हात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही. गडद लाल, केशरी, पिवळा यातला नेमका क्षण पकडायचा तर अंधारी जागा लागते. लोहाराचं घर काळोखी असायचं त्याचं अर्धं कारण गरिबी आणि अर्धं हे.

तात्यांनी मोबाइल काढला आणि पाणी देतानाचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. म्हातारीनं पाठ फिरवली आणि पाणी पाठीआड दिलं. पुढच्या फाळाला तात्या दुसऱ्या बाजूला गेले. म्हातारीही फिरली. वडाला एक प्रदक्षिणा झाल्यावर त्यांनी नाद सोडला.

लोहारकीत राम नाही, खरं भविष्य वेल्डिंगमध्ये आहे, असा निष्कर्ष त्यांनी त्याच रात्री काढला. आता हाताच्या पिशवीत मावणारी वेल्डिंग मशिनं मिळतात, घरच्या सिंगल फेजवर चालतात. मशिन आलं. दहा नंबर आणि बारा नंबर रॉडचे पुडे आले. तात्यांनी पहिला रॉड टेकवला, तो चिकटला आणि चार घरांतले बल्ब मंदावले. रात्री आठची मालिका चालू होती. नायिका नेमकी काहीतरी सांगणार होती. त्या वाक्याचं काय झालं हे विचारायला बायकांचं शिष्टमंडळ आलं. तात्यांनी वेळ बदलून दिली. पण दुसऱ्या दिवशी डीपीवरची फ्यूज गेली. आमच्याकडं शेतीची थ्री फेज आठ तास, तीही एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्यात रात्री, त्यामुळं विजेचं वेळापत्रक लोकांना रेल्वेपेक्षा पाठ असतं. फ्यूज गेली की ती कुणामुळं गेली याचा तपास पोलिसांपेक्षा लवकर लागतो. वायरमन दुसऱ्या गावात. गावातला एक निडर गडी कोरड्या लाकडानं फ्यूज टाकतो, त्याला हे काम कुणी सांगितलेलं नाही आणि तो ते का करतो हे त्याच्या बायकोलाही कळलेलं नाही. वहीत त्याच्या नावाचं वेगळं पान आहे.

काच न धरता "जरासंच टाचतो" म्हणून तात्यांनी दुपारी काम केलं, त्याची रात्र मी पाहिली. वेल्डिंगचा प्रकाश डोळ्याला लागतो तो लगेच कळत नाही. सहा ते बारा तास तो गप्प असतो. रात्री दोन वाजता तात्या उठून बसले, डोळ्यांत वाळू भरलीय म्हणाले. शेजारपाजार जागं झालं. कुणी बटाट्याच्या चकत्या सुचवल्या, कुणी दुधाची पट्टी, कुणी कोथिंबिरीचा रस, आणि एका म्हाताऱ्यानं नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची चौकशी केली. पहाटेपर्यंत तात्यांच्या चेहऱ्यावर अख्खी कोशिंबीर झाली होती. सकाळी डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवसांत उतरेल म्हणाले आणि काच कुठं आहे विचारलं. काच मशिनबरोबरच आली होती. खोक्यात होती. तात्यांनी ती जपून ठेवली होती, लागेल कधीतरी म्हणून.

या सगळ्यातून गोठ्याचं फाटक तयार झालं. माझा चुलतभाऊ चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण जगभरच्या मोटारींच्या इंजिनांत फिरणारे कॅमशाफ्टही सोलापुरात ओतून, घासून बाहेर जातात. तिथं केसाच्या जाडीला ढोबळ माप समजतात. त्या कामाची सवय झालेला हा पोरगा सुट्टीला आला, फाटकापाशी वाकला आणि खिशातून व्हर्नियर काढला. वरची फट आणि खालची फट मोजली. पुन्हा मोजली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, चाळीस मिलिमीटरचा फरक आहे."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तेवढ्यातून मांजर जातं."

फाटक बंद होत नव्हतं, पण मजबूत होतं. त्याला एवढं लोखंड लागलं होतं की चार माणसांशिवाय उचलत नव्हतं. ते भिंतीला टेकवून ठेवलं.

मध्यंतरी पुण्याहून मुलानं यादी पाठवली. परदेशात म्हणे प्रत्येक घरात बहात्तर तासांची पिशवी भरून ठेवतात. बॅटरी, शिट्टी, दोरी, औषधं, कागदपत्रांच्या प्रती आणि टिकाऊ अन्न. काही लोक तर पंचवीस वर्षं टिकणारे डबे तळघरात भरून जग बुडायची वाट बघत बसतात. तात्यांनी पिशवी भरली आणि टिकाऊ अन्नापाशी अडले. काकूंनी पितळी डबा पुढं सरकवला. त्यात कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, पातळ लाटल्यागत थापलेली, विस्तवावर पार कडकडीत वाळवलेली. महिना दोन महिने काही होत नाही. सोबत उखळात कुटलेली शेंगाचटणी. चूल नको, पाणी नको, दात मात्र स्वतःचे पाहिजेत. आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी ही भाकरी कुठल्याही यादीवाचून शोधली, कारण त्यांची यादी दुष्काळानं लिहिली होती.

दुष्काळाबद्दल आमच्याकडं कुणाला शिकवायला लागत नाही. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडलं आणि त्याचे पैसे भरायला विठोबाला विठू महार होऊन दरबारात जावं लागलं, ही कथा आमच्या पोरांना गुणाकाराआधी येते. तात्यांना या कथेत सगळ्यात काय आवडतं, तर विठोबानं पैसे भरून पावती घेतली. बहात्तरच्या दुष्काळातला लाल मिलो आणि सुकडी यांची चव जुन्या माणसांच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. आणि २०१६ साली लातूरला पाण्याची आगगाडी गेली ती मिरजेहून कुर्डुवाडी, बार्शी करत. कॅल्थ्रॉपच्या त्या चिमुकल्या लाइनीचीच वाट, फक्त रूळ रुंद झालेले. तिनं आयुष्यभर कापूस आणि वारकरी वाहिले, मग एका उन्हाळ्यात पाणी वाहिलं.

तर तात्यांची सगळी तयारी दुष्काळाची होती. घागरी, टाक्या, बोअरला जास्तीचा पाइप. आला पूर. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदी अशी फुगली की माढा, मोहोळकडची नदीकाठची गावं पाण्यात गेली. आमचं गाव उंचावर, म्हणून खालची माणसं आमच्या शाळेत आली. तात्यांनी पिशवी शोधली. ती माळ्यावर होती, वेल्डिंग मशिनच्या मागं. बॅटरीतले सेल फुगलेले. शिट्टी मात्र उत्तम होती. ती वाजवत ते शाळेत पोचले, तोवर घराघरांतून कडक भाकरीचे डबे आधीच पोचले होते.

संध्याकाळी लोकांना घेऊन येणारा ट्रॅक्टर ओढ्यापाशी चिखलात रुतला. फळ्या घातल्या, त्या मोडल्या. दगड घातले, ते बुडाले. मग कुणालातरी भिंतीला टेकलेलं फाटक आठवलं. आठ जणांनी ते आणून चाकाखाली घातलं आणि ट्रॅक्टर त्याच्यावरून निघाला. फाटक मोडलं नाही. तात्या पावसात उभे राहून प्रत्येकाला विचारत होते, "काय म्हणालो होतो? लागेल कधीतरी!" काकू म्हणाल्या, "ट्रॅक्टर काढायला केलं होतं हे मला आधी सांगितलं असतंत, तर मी काही बोलले नसते." पाणी उतरल्यावर फाटक धुऊन परत आणलं. आता ते बंदही होतं. ट्रॅक्टरच्या वजनानं चाळीस मिलिमीटर कुठं गेले, हे भावाच्या व्हर्नियरलाही सापडलं नाही.

यंदा घिसाडी पुन्हा आले. या वेळी म्हातारी स्वतः घरी आली. दारात बसली, पाणी प्याली आणि नातवाचा विषय काढला. पोरगं शाळेत हुशार आहे, पुढं वसतिगृहात घालायचं तर जातीचा दाखला लागतो. गावातल्या कुणीतरी तात्यांचं नाव सांगितलं होतं. तात्यांनी चष्मा लावला, वही उघडली. घिसाडी म्हणजे भटक्या जमाती, ब. नियम त्यांना पाठ होता.

"आजी, एकसष्ट सालच्या नोव्हेंबरच्या आधीचा राहण्याचा पुरावा लागतो. तेव्हा तुम्ही लोक कुठं राहत होता?"

"गाडीत."

"बरं, गाडी कुठं असायची?"

"बैल जाईल तिथं."

तात्यांनी पेन खाली ठेवलं. नोकरीत असा अर्ज त्यांच्या टेबलावरून कितीदा पुढं सरकला असेल, आणि त्यावर 'पुरावा जोडलेला नाही' असा शेरा कितीदा पडला असेल. ते बराच वेळ वहीतल्या रेघांकडं बघत राहिले. मग विचारलं, सासऱ्याचं नाव कुठल्या शाळेत, कुठल्या दवाखान्यात, कुठल्या चावडीत, कुठंतरी लागलं असेल?

"सासऱ्याची ऐरण हाय. तिच्यावर काय लिवलंय का बघा."

"एका सालच्या सुगीत एका गावात फाळ शेवटल्याचं कुठल्या पाटलाच्या वहीत तरी असेल," तात्या स्वतःशीच म्हणाले आणि एकदम उठले. "असेलच! बलुत्याच्या धान्याचा हिशेब लिहायचे लोक. मी काढतो. मोहोळ, माढा, बार्शी, जिथं जिथं तुमची गाडी थांबायची ती गावं सांगा."

म्हातारीनं गावं सांगायला सुरुवात केली. तात्या लिहीत गेले, पान उलटलं तरी गावं संपेनात. शेवटी त्यांनी नवं पान काढलं. जावक: जातीचा दाखला, नातू. मग 'आवक' लिहून जरा थांबले आणि खुंटीवरचा कमानपाट्याचा तुकडा काढून म्हातारीपुढं ठेवला. नव्या विळ्याचा माल होता. या खेपेला गॅरेजवाल्याकडून पावतीसकट आणलेला.

"एवढ्याला पाणी द्यायचं शिकवा."

म्हातारीनं तुकडा दगडावर टाकून ऐकला. मान हलवली.

"शिकवते की," ती म्हणाली. "पर तो मोबाइल आधी काकूपाशी द्या."